मुंगीच्या ताटात उरलेलं

४ मार्च, सोमवार
मुंगीचं वजन घटलं! डॉक्टरीणबाईंनी काटा दोनदा बघितला. वाढत्या वयात वजन घटतं म्हणजे काय! आधीच पाच वर्षांची पोर म्हणजे नुसती काडी. बाई म्हणाल्या, थोडंच वाढा, मागे लागू नका, तिच्यासोबत जेवायला बसा. सोबत बसा! मग सगळ्यांना वाढायचं कोणी?

५ मार्च
थोडंच वाढलं. त्यातलंही अर्धं ठेवलं. गाजराचे तुकडे ताटाच्या कडेला ओळीने मांडले नि उठली. हे म्हणतात, मुंगी नाव ठेवलं तिथेच चुकलं, हत्ती ठेवायला हवं होतं. यांना थट्टा सुचते!
तिचं उरलेलं मीच संपवलं, नेहमीसारखं ओट्याशी उभ्याने. अन्न टाकणं पाप. शिवाय गाजरं काय भावाने आणते ते माझं मला ठाऊक.

६ मार्च
देवाला साकडं घातलं. पोर पोटभर जेवू लागेपर्यंत रात्री स्वतःला ताट वाढून घ्यायचं नाही. तिचं उरेल तेवढं खाईन — ते टाकवत नाही, देव समजून घेईल. मुंगीलाही हात जोडायला लावले. आई आता रात्री जेवणार नाही, एवढंच सांगितलं. कशासाठी ते नाही. लहान जिवाला घोर कशाला?

९ मार्च
उलटंच झालं! रात्री जवळजवळ सगळं ठेवते. बटाटासुद्धा — जीव की प्राण तिचा! देवा, कुठे चुकलं माझं?

१० मार्च, रविवार
दुपारी वन्संकडे जेवायला. मुंगीने भात मागून घेतला — आणि परत मागितला! घेवड्याची भाजी, जी घरी बघून तोंड फिरवते, तीही चाटूनपुसून. मी आपली वाढायला उभी, तर वन्संनी हाताला धरून पोरीशेजारी बसवलं, पुढ्यात ताट ठेवलं. वर म्हणतात कशा, "वहिनी, घरी उपाशी ठेवता की काय हिला?"
सगळे हसले. माझा घास तोंडातच राहिला. माझ्या हाताला चव नाही, की पोरीला मीच नकोशी झालेय?

११ मार्च
रात्री पुन्हा ताट तसंच. न राहवून विचारलं, काल आत्याकडे कशी गं जेवलीस?
म्हणाली, "तिथे तुला वेगळं ताट होतं ना." मला काही कळेना. तिने आपलं ताट माझ्याकडे सरकवलं. "इथे मी सगळं संपवलं तर तू काय खाशील?"
तिचं ताट तिच्यापुढे परत सरकवलं.
नवस मोडला. देवा, काय शिक्षा करायची ती मला कर. माझ्यासाठी ताट घेतलं, भात वाढला, तिच्यासमोर बसले. ती टक लावून बघत राहिली. मी पहिला घास घेतला, तेव्हा तिने घेतला.