अण्णांच्या फोनवरचे कॉल

सोम. १० नोव्हें.
वही आणून महिना झाला, आत एक अक्षर नाही. रोज उद्यावर ढकललं. आज लिहितोय कारण पहिल्यांदाच एखादं काम सोडावंसं वाटत नाहीये. इचलकरंजीत यंत्रमाग सोडला, मलकापुरात ढाबा पंधरा दिवसांत सोडला. बावड्यात मात्र दीड महिना टिकलोय!
काम: दूध संस्थेच्या गावात कुणाचं जनावर आजारी पडलं की मोबाईलवरून मेसेज येतो. त्यालाच आम्ही कॉल म्हणतो. पुढं सगळं आमचं इंजिन, म्हणजे कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम, आपोआप करतं. कॉल नोंदवायचा, जवळचा डॉक्टर शोधायचा, त्याला धाडायचं, मालकाला कळवायचं. मधेच काही अडलं तर झालेलं सगळं मागं घ्यायचं, म्हणजे रोलबॅक.
गेला आठवडाभर एका गावाचे बहुतेक कॉल नोंदले जातात नि लगेच रद्द होतात. का ते कळंना. संस्थेचे चेअरमन शनिवारी येणार. तोवर जमलं नाही तर इंजिन बंद, नि मी परत एसटी स्टँडवर. आमच्या साहेब कांबळे मॅडम म्हणाल्या, आधी लॉग वाच. इंजिननं काय काय केलं ते त्यात मिनिटामिनिटाला लिहिलेलं असतं.

मंगळ. ११
लॉग उघडला. तेवढ्यात खाली उसाची ट्रॉली कलंडली. बघायला गेलो, दोन तास तिथंच.
मग घाईत शहाणपणा. मॅडमना न विचारता इंजिनचं नवं व्हर्जन चढवलं. सगळे कॉल एकाच डॉक्टरला! घाबरून जुनं परत आणलं, तर त्याच्याबरोबर कालचे मिटलेले कॉलही जिवंत झाले. डॉ. साळोखे गोठ्यातनं फोनवर, "पावणं, म्हस रवंथ कराय लागलीया. आता तुम्हाला तपासू काय?"
नोंद मागं घेता येते. गाडीवर निघालेला डॉक्टर मागं घेता येत नाही.
 

गुरु. १३
सापडलं!! लॉगात नव्हे, गावात. सकाळीच गेलतो. संस्थेत दूध घालायची रांग. टेबलावर सचिव तानाजीअण्णांचा फोन. जो तो आपलं जनावर सांगतो, अण्णा टाईप करतात. पाच मिनिटांत चार कॉल, नंबर एकच. इंजिनला वाटतं एकच माणूस सारखं मत बदलतोय. आधीचा रद्द, नवा खरा. शेवटचा तेवढा टिकतो.
हौसाकाकी रोज रांगेत पहिल्या, म्हणून रोज रद्द! शेवटी दिरानं डॉक्टरला गाडीवर बसवून आणलं. स्वतःच्या फोनवरनं का नाही कळवलं, मी काकींना विचारलं.
"फोन हाय की माझ्याकडं. पर सचिवाचा फोन गेला की डॉक्टर पळत येतोय."
हे कुठल्या लॉगात येणार!

शुक्र. १४
आता फोन नंबराबरोबर जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबरही बघायचा. बिल्ला वेगळा तर कॉल वेगळा. काल रात्री मॅडम शेजारी बसल्या, आधी इंजिनच्या नकलेवर चालवून बघितलं, मग चढवलं. आज सकाळी अण्णांच्या फोनवरनं सहा कॉल. पाच मार्गी लागले!! मी खुर्चीवर उभा.
सहावा अडकलाय. बिल्ल्याची जागा रिकामी. पुढं जाईना, मागंही येईना. रोलबॅक करू का हातानं पुढं ढकलू? मॅडम म्हणतात, तू ठरव. माऊसवर बोट ठेवून बसलोय नि डाव्या हातानं हे लिहि—
जिन्यात चपला वाजल्या. चेअरमन! उद्याचे आजच. बसलेसुद्धा नाहीत.
"सकाळी अण्णाच्या फोनवरनं माझी म्हस सांगितलीया. डॉक्टर कुठं हाय?"