छत्तीस लिटरचा डबा

५ जानेवारी, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. थंडीनं बोटं वळत नाहीत, पण ठरवलं ते ठरवलं.

अवंतिका म्हणाली, गाडीत सबवूफरचा डबा बसला तर मी ग्वाल्हेर सोडून कुठेच जाणार नाही. हसत म्हणाली, पण म्हणाली. माझी नात बोललेलं पाळते. इंदूरच्या कंपनीचं तिला नोकरीचं पत्र आल्यापासून घरात सगळे तोंड पाडून बसलेत, संग्राम तर जेवतसुद्धा नाही धड. कोणाला हा साधा उपाय सुचला नाही. मुलगा माझा हुशार आहे, पण सरकारी नोकरीत डोकं गंजतं.

सबवूफर म्हणजे ढोलासारखा घुमणारा मोठा स्पीकर. तिनं मागच्या वर्षी इंदरगंजच्या बाजारातून आणला आणि पलंगाखाली सारला, डबा बनवायला टाइम नाही म्हणून. आता मी बनवणार. शाळा चौथीपर्यंत झाली माझी, पण डब्यांतलं मला कोणी शिकवू नये.

७ जानेवारी, दुपारी

सूनबाईनं मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला. माणूस भराभर बोलतो, पण चेहरा चांगला आहे. डबा आतून छत्तीस लिटरचा हवा. लाकूड जाड हवं. आणि एका अंगाला मुद्दाम भोक पाडून आत नळी बसवायची. त्याला पोर्ट म्हणतात. त्यातून हवा ये-जा करते, म्हणून आवाज भरून येतो. भोकाचा डबा मी जन्मात केला नाही, पण करून बघू. बाथरूमच्या कामातली नळी गच्चीवर पडलीच आहे. उंदीर शिरला तर काय, ही शंका मी काढली. व्हिडिओवाल्याला सुचली नव्हती.

गरिमा म्हणाली, आई, तयार डबे मिळतात बाजारात. मिळत असतील. बाजारच्या डब्यासाठी कोणी घरी राहतं का?

९ जानेवारी

थाटीपुरचा सुतार मिस्त्री आला. माप मागितलं. म्हटलं छत्तीस लिटर. म्हणे, अम्मा, इंच में बताओ. लिटरचे इंच करता येत नाहीत त्याला, आणि एवढ्या दुकानांचं फर्निचर केलं म्हणतो.

मग मीच डोकं चालवलं. आपल्याकडे दूध किलोनं येतं. एक किलो दूध म्हणजे एक लिटर, पिशवीवर लिटर लिहिलंय आणि दूधवाला किलो म्हणतो, आजवर भांडण नाही. म्हणजे लिटर आणि किलो एकच. दुधानं डबा मोजला तर प्लाय नासेल. गव्हानं मोजायचा. उंच खोका करून घ्यायचा, छत्तीस किलो गहू ओतायचा, गहू जिथवर येईल तिथं रेघ, तिथं कापायचा. मिस्त्रीनं पेन्सिल कानामागे खोचली. म्हणजे पटलं.

११ जानेवारी, रविवार

मिस्त्रीनं फेव्हिकॉल लावून उंच खोका करून दिला. गव्हाचा नवा कट्टा फोडला. गरिमानं काटा धरला, चेहरा आंबट. रेघ मारली. यांची जुनी करवत काढून स्वतः कापायला बसले. अर्धं कापून झालं तेव्हा खांदा गेला. उरलेलं मिस्त्री करेल.

अवंतिका बाल्कनीत फोनवर होती. किचनवाला रूम है क्या, पार्किंग है क्या, असं इंदूरला विचारत होती. एकदम नाही म्हणवत नाही तिला. घरचं वळण आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला शेजारच्या सुमनताई आल्या. बैठकीतला डबा बघून म्हणाल्या, शालिनीताई, कोणाची पेटी ही? सगळं सांगितलं, पोर्टसकट. हसल्या. म्हणाल्या, मुली डब्यानं थांबतात होय? त्यांची मुलगी कॅनडात आहे, त्यांनी डबा करून बघितला नव्हता, त्यांना काय माहीत. तिळगूळ मात्र दोनदा घेतला.

फेव्हिकॉल थंडीत सुकतच नाही. डब्याशेजारी हीटर लावला. संग्राम म्हणाला, मीटर बघ. मी डबा बघते.

१७ जानेवारी, शनिवार

सुकला. नळी बसवली, स्क्रू ठोकले. देखणा झालाय, मीच दहा वेळा हात फिरवला.

आनंदाची गोष्ट. अवंतिकानं इथल्या ऑफिसचा राजीनामा दिला. आता दिवसभर घरीच. दोन मोठ्या बॅगाही आणल्या, चाकंवाल्या. गाडीच्या वायरी, हत्यारं ठेवायला लागतातच.

२० जानेवारी

पहिल्यांदा वाजवला. अवंतिकानंच स्पीकर बसवला, वायरी जोडल्या, माझ्याकडून स्क्रू मागत होती. जोडीनं काम केलं की किती बरं वाटतं. सुरू केला तर ढुम आलं आणि ढुमच्या मागे खुळ्ळ आलं. पुन्हा ढुम, पुन्हा खुळ्ळ. गहू आतच राहिलेत, कोपऱ्यांत, ओल्या फेव्हिकॉलला चिकटून. आवाजाच्या धक्क्यानं सुटले आणि नाचायला लागले. एक दाणा पोर्टमधून उडून संग्रामच्या चहात पडला.

अवंतिका जमिनीवर बसून हसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हसायचं थांबली तरी उचललं नाही. पाणी मात्र थांबलं नव्हतं. धुळीनं होतं तसं, लाकडाच्या भुशानं.

डबा उलटा करून भोकातून गहू झटकले. मूठभर निघाले. चांगलं काम आहे, भोक असल्याचा फायदाच झाला.

२३ जानेवारी, शुक्रवार

गाडीत ठेवला. डिक्की लागत नाही. आल्टोची डिक्की लहान, हे मी कोणाला सांगितलं नाही, सगळ्यांनी मला सांगितलं. संग्रामनं मापाचा टेप लावला, कागदावर गुणाकार केले. म्हणे, आई, गहू पाण्याहून हलका, किलोला जागा जास्त खातो, तुझा डबा पंचेचाळीसच्या वर गेलाय. हे त्याला शाळेत शिकवलं. शाळेत मी पाठवलं. मग नऊ तारखेलाच का नाही सांगितलं? म्हणे, तू ऐकतेस कुठं.

काही बिघडलं नाही. कमी करायचं म्हणजे कापायचं. वाढवायचं असतं तर कठीण होतं.

अवंतिका म्हणाली, राहू दे ना आजी. दमली असेल.

२८ जानेवारी

कापला. मिस्त्री दोनदा म्हणाला, मत काटो अम्मा. पाठीमागची फळी पुढे घेतली. एका कोपऱ्याचा प्लाय फुटला, तिथं पट्टी ठोकली. आता डिक्कीत बसतो, जरा ढकलावा लागतो.

वाजवला. नळी आत पाठीमागच्या फळीला टेकली आहे, हवेला रस्ताच राहिला नाही. आवाज येतो, पण रजईत तोंड घालून कोणी बोलावं तसा. नळी आखूड करायची म्हणजे डबा उघडायचा, आणि फेव्हिकॉल या वेळी छान सुकलाय. उघडत नाही.

रविवारपर्यंत नक्की. अजून वेळ आहे.

३१ जानेवारी, शनिवार. रात्री

पटाशी लावून डबा उघडायला बसले होते. अवंतिका आली, समोर बसली, पटाशी माझ्या हातातून काढून बाजूला ठेवली.

म्हणाली, "आजी, सोमवारी जॉइनिंग आहे. मी सकाळी निघते."

म्हटलं, उद्या दुपारपर्यंत डबा होतो.

"मी त्यांना हो डिसेंबरमध्येच कळवलं होतं. डब्याचं मजाक में म्हणाले होते. मग तू इतकी खूश दिसायला लागलीस की मला सांगवेना. रोज म्हणायचे, आज सांगते."

मग मी विचारलं, खोलीला किचन मिळालं का? म्हणाली, मिळालं. पार्किंग? तेही मिळालं.

चांगलं आहे.

सगळ्यांना माहीत होतं. गरिमाला, संग्रामला. सुमनताईंनाही असेल. आता वाटतं, मिस्त्रीलाही.

१ फेब्रुवारी

सकाळी सातला निघाली. धुकं होतं. संग्राम पुढच्या सीटवर, तो सोडून येईल. डिक्कीत दोन बॅगा, कुकर, गादीची वळकटी, गरिमानं दिलेले डाळतांदूळ. तिथं माझा डबा बसलाच नसता. बरोबर छत्तीस लिटरचा असता तरी नाही. तिनं जागा ठेवलीच नव्हती.

दुपारी. फोन आला, गुना शहर मागे टाकलं. विचारलं, वाटेत कंटाळा नाही ना आला? म्हणाली, नाही आजी, मोबाईलवर गाणी लावलीत, पुरेसा येतो आवाज.