गुरुवारचा दुसरा कप

मी, सुप्रिहातिन, कै. वागिमान यांची पत्नी, वय एकोणसत्तर, मनोरुग्ण विभागातली निवृत्त परिचारिका, राहणार क्लातेन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. शुद्धीचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. तीस वर्षं इतरांच्या शुद्धीचे कागद भरले, म्हणून आधी स्वतःचा भरून घेतला.

१. राहतं घर व मागची रांबुतानची फळझाडं मुलगा त्रियोनो आणि मुलगी लेस्तारी यांना निम्मी निम्मी. दोघांनी समक्ष मान्य केलं आहे.

२. भात वाफवायचं तांब्याचं भांडं नऊ वर्षं शेजारीण सार्जिनाहकडे आहे. ते तिलाच द्यावं. मात्र चारचौघांत द्यावं, म्हणजे ते माझं होतं हे तरी कळेल.

३. हे कलम मी जिवंत असतानाच लागू व्हावं. मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत, असं लेखनिक म्हणाला. पण याच्यासाठीच तर बाकीचं लिहिलं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी नवं विमाकार्ड आलं आणि म्हाताऱ्यांसाठी छापील फॉर्म आला. पूर्वी आम्ही पेशंटजवळ तासभर बसायचो. आता माणशी दहा मिनिटं. गोळीचा खर्च कार्डात बसायचा, बसून बोलण्याचा बसायचा नाही. तुकिनेमआज्जीला सुनेने आणलं. मी फॉर्ममधला प्रश्न वाचला, "मेलेल्या माणसांशी बोलता का?"

आज्जी हसली. "बोलते की! दर गुरुवारी संध्याकाळी त्यांची कॉफी ठेवते. म्हणते, अहो, गार होतेय, घ्या ना."

मी 'होय'वर खूण केली. डॉक्टरांनी गोळी लिहिली. त्याच आठवड्यात मी घरी वागिमानसाठी कॉफी ठेवली होती. आमच्या गावात गुरुवारी गेलेल्या माणसांसाठी कोण ठेवत नाही? पण फॉर्मवर ते लिहायला जागा नव्हती आणि बाहेर चाळीस जण ताटकळत होते.

तीन महिन्यांनी सून म्हणाली, "सिस्टर, गुण आला हो! आता कॉफीचं नावही काढत नाही." आज्जी जेवणाचंही नाव काढत नव्हती. 'सुधारणा' असं लिहिलं, तेही मीच. पुढच्या वर्षी ती गेली. याची मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात त्रियोनोने मला दोन कप ठेवताना पाहिलं.

"आई, कुणाशी बोलतेयस?"

"तुझ्या बापाशी."

"आणि हा दुसरा?"

"तुकिनेमआज्जीचा."

"कोण तुकिनेम? आई, एकदा तपासून घेऊ या. कार्डावर फुकट होतं."

त्याचा हेतू चांगला आहे. त्या सुनेचाही होता.

म्हणून लिहून ठेवते. मी घराचा रस्ता विसरले, चूल पेटती ठेवली, कुणावर हात उगारला, तर मला जरूर न्यावं आणि औषध द्यावं. औषधांशी माझं वैर नाही. पण कॉफीपायी गोळी देऊ नये. फॉर्म भरणारीने आधी माझ्याजवळ बसावं. मी ओरडले तर का ओरडते, ते मलाच विचारावं.

४. दोन्ही कप त्रियोनोला. मी गेल्यावर तिसरा विकत आणावा लागेल. माझ्या कपात साखर घालावी, मला कडू कॉफी कधीच आवडली नाही. आणि कप ठेवल्यावर दोन शब्द बोल रे बाबा, मुकाट्याने ठेवू नकोस.

आम्हा दोघांसमक्ष वाचून सही केली:
साक्षीदार: न्गादिमान, गल्लीप्रमुख
साक्षीदार: डॉ. वेनिंग

सही: सुप्रिहातिन
क्लातेन, १७ जुलै २०२५, गुरुवार. दुपारी चार वाजता. पाणी उकळत ठेवलं आहे.