दातात धरलेली पेन्सिल

८ जानेवारी

तीर्थस्वरूप मामा यांस,
कृ. शि. सा. न. वि. वि. (ही अक्षरं पाहून माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने विचारलं, हा कुठला गुप्त संदेश? म्हटलं, कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. मामाला समोर कधी घालत नाही, म्हणून पत्रात घालते.)

फोनच करणार होते, पण फोनवर तू निम्मं ऐकतोस आणि उरलेल्या निम्म्याला ‘हो हो’ म्हणतोस. यावेळी मला खराखुरा होकार हवाय.

आमचा शेवटच्या वर्षाचा चित्रपट जवळ आलाय. दहा-बारा मिनिटांचा करायचा, पण त्याच्यावरच पास-नापास ठरणार. माझी पहिली कल्पना बाईंनी ‘पाहिल्यासारखी वाटते’ म्हणून परत केली आणि दुसरी ‘कुणी पाहणार नाही’ म्हणून. मी रडकुंडीला आले होते. मग सहज सांगितलं की माझा मामा कातारी आहे, लेथवर लाकूड कातून टेबलाचे पाय आणि जिन्याचे खांब करतो, उरलेल्या तुकड्यांचे भोवरे करतो आणि गल्लीतल्या पोरांना फुकट वाटतो. बाईंनी चष्मा काढून ठेवला. त्या चष्मा काढतात तेव्हा खरं ऐकतात.

तर मामा, चित्रपट तुझ्यावर. तू काहीही बोलायचं नाहीस, नेहमीचं काम करायचं. तुझे हात, लाकूड आणि यंत्र, बस्स. महिनाअखेर एकदा येऊन जागा बघून जाईन, थोडं चाचणीचं चित्रण करीन. मामीला सांग, तिचं स्वयंपाकघर चित्रात येणार नाही, तेव्हा तिने पडदे धुवायला काढू नयेत.

उत्तराची वाट पाहते. लोभ आहेच, तो होकारात दिसावा.
तुझी,
मुंगी

१४ जानेवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

होकार. खराखुरा, दोन्ही कानांनी. खरं तर कान दोन्ही गेलेले आहेत, तेव्हा डोळ्यांनी म्हण. जन्मभर त्या यंत्राशेजारी उभा राहिलो, त्याने हिशेब चुकता केला.

माझ्यात बघण्यासारखं काय आहे ते तुझ्या बाईंना ठाऊक. पण तू लहानपणी इथे सुट्टीला यायचीस, लेथखाली बसून लाकडाचा कीस डोक्यावर ओतून घ्यायचीस आणि मामी तुला झाडूने झटकायची. त्या मुंगीने काही मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं झालेलं नाही. काय काय करायचं ते नीट लिहून कळव. कामात मी कुणाला नाव ठेवू दिलेलं नाही, तुझ्या कामातही ठेवू देणार नाही.

मामीने पडदे धुतले.
तुझा,
मामा

२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामा यांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. मामीने दिलेल्या डब्यावर खोलीत झडप पडली, मला झाकण तेवढं मिळालं.

चाचणीचं चित्रण बाईंना दाखवलं. चित्रं त्यांना फार आवडली. खिडकीतून येणारा उजेड, त्यात उडणारा भुसा, पटाशी टेकताच लाकडावर उमटणारं कडं. पण आवाज खराब झालाय, आणि त्याला कारण तू आहेस. मामा, तू काम करताना सारखं गुणगुणतोस! धड गाणं नाही, धड शांत नाही, आणि दर वेळी त्याच एका जागी सूर घसरतो. तेव्हाही मी तुला थांबवलं होतं, पण तू क्षणभर थांबून पुन्हा सुरू. बाई म्हणाल्या, प्रेक्षकाला यंत्राचा आणि लाकडाचा आवाज ऐकू यायला हवा, हे मध्ये मध्ये येतंय.

कॅमेरा मिळायची माझी पाळी मार्चमध्ये आहे. तोवर एवढी एक सवय मोडशील का? रोज थोडं थोडं, तोंड बंद ठेवून काम करायचं. तुला जमेल. तू ठरवलंस की ठरवलंस.

मामीला नमस्कार. लोभाची वाढती कमान असू दे.
तुझी,
मुंगी

९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी मामीला विचारलं, मी गातो का? ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. म्हणाली, लग्न झालं तेव्हापासून ऐकतेय. मला आजवर वाटायचं मी मनात गातोय. त्या दिवशी तू थांबवलंस तेव्हा तुझे शब्द ऐकूच आले नाहीत, वाटलं कॅमेऱ्यासाठी जरा थांबायला सांगतेस. कानांनी कधी चहाडीच केली नाही. माणसाला स्वतःची गोष्ट सगळ्यात शेवटी कळते, हेच खरं.

असो. उपाय सापडला. लाकडावर खुणा करायची जाड पेन्सिल दातात धरतो. पेन्सिल आहे तोवर तोंड बंद. पहिल्या दिवशी तीन वेळा पडली, आता पडत नाही. पेन्सिलीचं टोक मात्र उंदराने कुरतडल्यासारखं झालंय.

अडचण मामीची आहे. तुला आठवत नसेल, तू फार लहान होतीस, तेव्हा एकदा माझी बाही यंत्रात अडकली होती. माझं गाणं मध्येच तुटलं म्हणून मामी स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने खटका पाडला. म्हणून हा हात आज हात आहे. तेव्हापासून गाणं चालू असलं की ती निवांत असते, थांबलं की बघायला येते. हेही मला आत्ताच कळलं. आता गाणंच नाही, त्यामुळे ती दिवसभर ये-जा करते आहे. काल म्हणाली, तुमच्या शांततेने माझे पाय दुखायला लागले. मी म्हटलं, होईल सवय.
तुझा शांत,
मामा

१७ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामा यांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

पेन्सिल! मामा, तू धन्य आहेस. वर्गात सांगितलं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथे एकेकाच्या चित्रपटातली माणसं ऐनवेळी नाही म्हणताहेत आणि माझा मामा दातात पेन्सिल धरून तालीम करतोय.

एक विनंती. आणखी थोडे दिवस कळ काढ. कॅमेऱ्याची पाळी पुढच्या गटाने मागितली आणि मी देऊन टाकली, कारण मार्चअखेर खिडकीतला उजेड जास्त तिरपा येईल असा माझा हिशेब आहे. सगळे कोन कागदावर काढून ठेवलेत. काहीही राहून जाणार नाही.

मामीला म्हणावं, धावाधाव पुरे, थोडे दिवस कान बंद ठेव. मामाकडून शीक.

लोभ आहे, तो पेन्सिलीसारखा घट्ट धरून ठेव.
तुझी,
मुंगी

४ मार्च

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

तुझ्या आईने फोनवर सांगितलंच असेल, पण तुला नीट कळावं म्हणून मी लिहिते. परवा सकाळी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आहे. जिवाला धोका नाही. बोलतात, पण शब्द ओले झाल्यासारखे येतात.

कधी आला ते कुणालाच माहीत नाही. यंत्र चालू होतं. मी आत भांडी घासत होते, यंत्राचा आवाज येत होता, म्हणून म्हटलं काम चाललंय. तू म्हणालीस तसं जाणं-येणं मी बंद केलं होतं. चहा गार झाला तरी आले नाहीत म्हणून बघायला गेले, तर स्टुलाला टेकून खाली बसलेले. यंत्र वर रिकामंच फिरत होतं. पेन्सिल मांडीवर पडली होती.

डॉक्टर म्हणाले, अशात वेळेला किंमत असते, लवकर आणलं असतं तर हात कदाचित वाचला असता. कदाचित म्हणाले, नक्की म्हणाले नाहीत. पण मुंगी, गाणं थांबलं असतं तर मला कळलं असतं. थांबायला गाणंच नव्हतं.

तुला बोल लावायला लिहीत नाही. बोल लावायचा तर तिघांनाही लावावा लागेल. पण मनात ठेवून तुझ्याशी गोड बोलणं मला जमणार नाही, म्हणून लिहून टाकलं. लगेच धावत येऊ नकोस. ह्यांना तुला बघून रडू येईल आणि ते त्यांना आवडणार नाही.
मामी

९ मार्च

तीर्थस्वरूप मामी हिस,
शि. सा. न.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. तू बोल लावला असतास तर बरं वाटलं असतं.

मी कोन ठरवले, उजेड ठरवला, खिडकीच्या काचा पुसायला सांगितल्या. घरात कोण कशाच्या आधारावर जगतंय, एवढं एकच बघितलं नाही. मामाने तर लिहून कळवलं होतं. मी ते वाचून हसले आणि वर तुलाच कान बंद ठेवायला सांगितलं. नुसतं यायचं, कॅमेरा लावायचा आणि तो गातोय तसा गाऊ द्यायचा, एवढंच करायचं होतं. एवढं सोपं काम मी बिघडवलं.

चित्रपट मी सोडून देते आहे. बाईंना तसं सांगितलं. वर्ष गेलं तर जाऊ दे. त्या चाचणीच्या चित्रणाकडे बघायचंही धाडस होत नाही. त्याच्यावर मीच ‘आवाज खराब’ असं लिहून ठेवलं होतं.

मला क्षमा कर, असं मी म्हणणार नाही. तुला जमेल तेव्हा, जमलं तर, लोभ असू दे.
मुंगी

२६ मार्च

चि. मुंगी,
आशीर्वाद.
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर तू बालवाडीत काढायचीस तसं आलंय, हसू नकोस. हस.
चित्रपट सोडू नकोस. पेन्सिल फुकट चावली का मी?
तुझ्याकडे माझं गाणं आहे म्हणे. मी ते कधी ऐकलं नाही. पाठव. मोठ्या आवाजाचा डबा पाठव.
मामा

१२ एप्रिल

तीर्थस्वरूप मामा आणि मामी यांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

सोबत आवाजाचा डबा पाठवते आहे. हिरवं बटण दाबलं की सुरू होतं. आवाज वाढवायचा खटका उजवीकडे आहे. नाही, डावीकडे. मामाला डाव्या हाताने सोपं जावं म्हणून मी तो डबा उलटा ठेवायला सांगते आहे.

मी धीर करून सगळं ऐकलं. मामा, तू सुंदर गातोस असं खोटं मी सांगणार नाही. पण लाकूड कठीण लागलं की तुझा सूर खाली जातो आणि गुळगुळीत झालं की वर येतो. सूर घसरतो तिथे तू पटाशी बदलत असतोस. हाच माझा चित्रपट होता आणि मी त्यालाच गप्प केलं.

बाईंनी परत बोलावून घेतलं. नवं काही चित्रित करायचं नाही, जेवढं हातात आहे तेवढ्याचाच चित्रपट करायचा, असं ठरलं आहे. एकच प्रश्न उरलाय आणि तो तुम्हालाच विचारायला हवा. गाणं रंगात आलेलं असताना मध्येच माझा आवाज येतो. “मामा, ते गाणं बंद कर ना.” आणि गाणं तुटतं. बाई म्हणतात, तो आवाज काढून टाकता येईल, पुढचं-मागचं जोडून गाणं सलग करता येईल, कुणाला शंकाही येणार नाही. मला तो ऐकवत नाही. काढून टाकू का?

लोभ मागायला तोंड नाही, पण मागितल्याशिवाय पत्र संपत नाही.
तुमची,
मुंगी

२० एप्रिल

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. हे त्याच्यावर डावा हात पालथा ठेवून बसतात. कानांनी थोडं आणि हाताने बाकीचं ऐकतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, बेसूर आहे गं, तू एवढी वर्षं कसं सहन केलंस? मी म्हटलं, त्याचा पगार काढला तर यंत्र विकावं लागेल. हसले. तोंड एका बाजूला जातं हसताना, पण हसले.

आता रोज सकाळी लेथच्या खोलीत खुर्ची टाकून बसतात आणि डबा लावतात, मोठ्याने. गल्लीतली पोरं भोवरे मागायला येतात ती ऐकत उभी राहतात. मी आत माझं काम करते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर यांनी माझ्यावर सोपवलंय. मुंगी, मी आत पोळपाटाशी असते, बाहेर गाणं चाललेलं असतं, आणि मध्येच तुझा आवाज येतो आणि ते तुटतं. मला ठाऊक असतं की डबा आहे. दहादा ऐकलेलं असतं. तरी हातातलं टाकून मी उठते आणि बाहेर जाऊन बघून येते. हे बसलेले असतात. माझ्याकडे बघतात, आणि पुन्हा पहिल्यापासून लावतात.

तुझा आवाज काढू नकोस. गाणं कुठे थांबलं ते मला कळू दे.

सुट्टी लागली की ये. लोभ होता तेवढाच आहे, मोजून बघितला.
तुझी,
मामी