पाच नंबरचा ट्रे

इगतपुरी, ६ जानेवारी २०२५

चि. सई हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

तू पाठवलेलं परिषदेचं पुस्तक पोचलं. त्यातल्या तुझ्या निबंधाच्या आभारात माझं नाव आहे, असं तुझ्या काकूने वाचून दाखवलं. आळीत चार जणांना दाखवून आलो. मग तक्ता पाहिला. मी सातवी नापास, पण एकतीस वर्षं रेल्वेचे रूळ तपासले, इंग्रजी आकडे कळतात. पाच नंबरच्या ट्रेपुढे चौदाव्या दिवशी रोपाची उंची ११८ मिलिमीटर छापली आहे.

सई, त्या ट्रेतली भाताची रोपं नवव्या दिवशी उंदराने खाल्ली. ऑक्टोबरात तू पडवीत बारा ट्रे मांडून गेलीस, रोज सकाळी पट्टीने मोजून लिहा म्हणालीस. रजिस्टरात 'उंदराने खाल्ले' असं मीच लिहिलं. मग एकशे अठरा कुठून आलं? रोप उंदराच्या पोटात वाढलं का?

फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतेस आणि मला कमी ऐकू येतं. काय ते कागदावर लिही.

लोभ आहे, रागही आहे. दोन्ही पोचावेत.
तुझा आजोबा,
मोतीराम

इंदिरानगर, नाशिक, ११ जानेवारी

ती. आजोबांस सईचा सा. न. वि. वि.

आभार मानून बोलणी खाणारी विद्यापीठात मी पहिलीच असेन. झालं ते असं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, बी आपल्या वाढीच्या द्रावणात भिजवून पेरलेल्या बाकीच्या पाच ट्रेंची सरासरी काढ आणि तिथे टाक, सगळे असंच करतात. मला पटलं नव्हतं. पण पीएचडीची मुदत जूनला संपते, आणि सरांची सही नसेल तर प्रबंध पुढे जात नाही. एकूण एकशे अडुसष्ट आकडे, त्यांतले नवव्या दिवसापासूनचे सहा बदलले. शोधनिबंधात कुणी उंदीर छापत नाही, आजोबा.

तुम्ही रेल्वेतले, तुम्हाला सगळीकडे अपघातच दिसतो. पुस्तक कपाटात ठेवा आणि गुडघ्याला तेल लावा.

माया पातळ होऊ देऊ नका.
सई

इगतपुरी, १७ जानेवारी

चि. सई हिस आशीर्वाद. या खेपेला एकच, कारण बाकीचे द्यायचं मन होत नाही.

आमच्या गँगमध्ये एक जण होता. पायी फिरायचं सोडून टपरीवर बसून 'रूळ ठीक' लिहायचा. एक दिवस मालगाडीचे दोन डबे उतरले. साहेबापुढे तोही तुझ्यासारखंच बोलला, की वर्षातला एकच दिवस गेलो नाही.

पाचवा ट्रे उंदराच्या आधीच पिवळा पडत होता. सातव्या दिवशी तसं लिहिलं आहे, तुझ्याकडच्या नकलेत बघ. तुझ्या द्रावणाने रोप जळतं की काय, हे सांगणारा तोच एक ट्रे होता, आणि त्यालाच तू सरासरीने हिरवा केलास. शेजारची भागीबाई काल काकूकडून उरलेल्या द्रावणाची बाटली घेऊन गेली. सईने छापलंय म्हणजे खरंच असणार, म्हणाली. तिचं सगळं शेत पाऊण एकर. जूनमध्ये तिचं रोप जळलं तर तुझे सर तिच्या बांधावर येणार आहेत का?

ते आकडे काढ. नाहीतर रजिस्टर घेऊन मीच विद्यापीठात येतो. मला झोप नाही, भूक नाही. काकू म्हणते, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय दाखवू, तक्ता?

लोभ किती ठेवायचा, ते तू ठरव.
मोतीराम

इंदिरानगर, १४ फेब्रुवारी

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

तुम्ही जिंकलात. विद्यापीठात संशोधनाच्या सचोटीची समिती आहे. दरवर्षी तिचं व्याख्यान असतं आणि आम्ही मागे बसून मोबाइल बघतो. तिच्या प्रमुख प्रतिभा मॅडमना सगळं सांगितलं. सरांनाही आता तिथे उत्तर द्यायचं आहे. ते माझ्याशी बोलत नाहीत. निबंध मागे घेतला.

मॅडमनी मूळ रजिस्टर मागितलं म्हणून मी काकांकडून मागवून घेतलं. 'उंदराने खाल्ले' वाचून मॅडम म्हणाल्या, असा प्रामाणिक माणूस आमच्या विभागात हवा. मग त्यांनी पान उलटलं.

अकरा, बारा आणि तेरावा दिवस. उरलेल्या अकराही ट्रेंमध्ये रोप रोज बरोबर चार मिलिमीटर वाढलं आहे, कमी नाही, जास्त नाही. मॅडमनी विचारलं, रोपं कवायत करत होती का? मला खाली बघावं लागलं. तुमच्या भरवशावर सरांशी वैर घेतलं, आजोबा. टपरीवर बसून 'रूळ ठीक' कुणी लिहिलं? मलाही कागदावरच उत्तर हवं. फोन करू नका.

सई

इगतपुरी, १९ फेब्रुवारी

चि. सई हिस,

आशीर्वाद द्यायला आज तोंड नाही.

दहाव्या दिवशी संध्याकाळी गुडघा सुजला. जमिनीवरच्या ट्रेपाशी उकिडवं बसता येईना. काकूला सांगितलं असतं तर तिने मोजलं असतं, पण तिने तुलाही कळवलं असतं. मग तू ट्रे उचलून दुसऱ्या कुणाकडे दिले असतेस. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काम सांगितलं नव्हतं. खाटेवर बसून चार-चार मिळवत गेलो. चौदाव्या दिवशी कसाबसा उठलो आणि खरं मोजलं.

महिनाभर तुझ्यावर ओरडलो तेव्हा हे आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं, म्हणूनच जास्त ओरडलो.

सोबत वेगळ्या कागदावर सही करून लिहिलं आहे: 'अकरा, बारा, तेरा या दिवशी मोजले नाही. अंदाजाने लिहिले. मोतीराम.' तो मॅडमना दे. भागीबाईलाही मीच जाऊन सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, द्रावण अजून बाटलीतच आहे.

मोतीराम

इंदिरानगर, २ मार्च

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

राग गेलेला नाही, आधी सांगून ठेवते. तुमचा कागद मॅडमनी फायलीत लावला. प्रयोग पहिल्यापासून करायचा आहे. मुदत डिसेंबरपर्यंत वाढवून मिळाली, आता माझे मार्गदर्शक दुसरे असतील.

ट्रे कुणाकडे द्यायचे, असं मॅडमनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, दर तीन दिवसांनी तू स्वतः जाऊन ताडून बघ. तशी येईन.

रविवारी येते आहे. बारा ट्रे, ते मांडायला उंच बाक, तुमच्यासाठी स्टूल आणि एक उंदराचा पिंजरा. नवीन रजिस्टरात उंचीच्या शेजारी आणखी एक रकाना आखला आहे. त्याचं नाव, 'का मोजले नाही'.

तो भरायला लाजू नका.
तुमची सई