कोपरापासून मनगटापर्यंत

प्रिय यशवंत,

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण उणकलच्या घरी आलेलं पाकीट तुझी बायको सोनाली आधी उघडते आणि मग तुला देते, हे सगळ्या हुबळीला ठाऊक आहे. फोन केला असता, पण माझा फोन हल्ली आमच्या पोरीच्या, पल्लवीच्या ताब्यात असतो. गोळ्यांचे गजर तीच लावते. शिवाय तू उचलत नाहीस. देशपांडे नगर ते उणकल हे अंतर गणपतीपासून इतकं वाढलंय, की मध्ये कुणी नवा जिल्हा वसवला की काय असं वाटतं.

बातमी अशी, की माझा डावा हात आता माझा राहिलेला नाही. डायलिसिससाठी मानेत घातलेली नळी काढली आणि हातात कायमची सोय केली. ‘कायमची’ हा शब्द डॉक्टरांचा. कोपराखालच्या एवढ्या भागाला आपल्या मराठीत रोजच्या वापरातलं धड नाव नाही बघ. कन्नडवाले ‘मुंगै’ म्हणतात आणि मोकळे होतात. लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत सव्वीस वर्षं मी पोरांना हाच मुंगै शिकवला. तक्त्यावर छडी टेकवून सांगायची, ही अंगठ्याकडची रेडियस, ही करंगळीकडची अल्ना, ही रक्त नेणारी धमनी, ही परत आणणारी शीर, आणि दोघींची भेट केसाहून बारीक नळ्यांतूनच व्हायची. परीक्षेत कुणी धमनी थेट शिरेला जोडली, की मी भोपळा द्यायची. सर्जननं निळ्या पेनानं माझ्या हातावर रेघा मारल्या आणि मनगटाच्या वर दोन इंचांवर नेमकं तेच केलं. त्याला मात्र सगळे शाबासकी देतात.

बिचारी शीर आजवर संथपणे घरी परतायची. आता धमनीचा सगळा जोर तिच्या अंगावर येतो. दीड महिना रबरी चेंडू दाबून मी तिला करंगळीएवढी जाड केली. बोट ठेवलं तर आत पिठाची गिरणी चालल्यासारखी थरथर लागते. आठवड्यातून तीनदा तिच्यात दोन सुया जातात, एक रक्त नेते, एक आणते. या हातावर झोपायचं नाही, पिशवी अडकवायची नाही, रक्तदाब मोजायचा नाही. डायलिसिसची नर्स रेखा तर येईल त्याच्यावर ओरडते, ‘टीचरच्या या हाताला मुट्टब्याड्री’, शिवायचं नाही म्हणून. आणि काकणं घालायची नाहीत. यावर आमच्या सासूबाईंनी पंचांगासकट सगळं पालथं घातलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उजव्या हातात डझनभर हिरवी काकणं आणि डावा हात नागडा, म्हणजे मी एका बाजूनं सुवासिनी आणि दुसऱ्या बाजूनं विधवा. शेवटी त्यांनी तोडगा काढला, डाव्या हातावर मेंदीनं काकणं रंगवून घे. मी म्हटलं, मग मूत्रपिंडही पाठीवर रंगवून घेते, एकदाचं काम होईल. दोन दिवस देवघरातच मुक्काम ठोकला. तेवढाच आराम.

तुला तुझं प्लास्टर आठवतं का? चौथीत होतास, अण्णांच्या दुकानातल्या माळ्यावरून पातेल्यांच्या उतरंडीसकट खाली आलास आणि उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडून घेतलीस. मी नववीत. नुकतीच शिकले होते म्हणून प्लास्टरवर बॉलपेननं दोन्ही हाडांची नावं लिहिली आणि तू ती गल्लीभर दाखवत फिरलास. प्लास्टर निघालं तेव्हा तळवा वर वळेना. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे केलास की सगळं सांडायचं, आणि तू रडायचास. मी तुझ्या मुठीत लाटणं देऊन रोज संध्याकाळी पन्नास वेळा हात फिरवून घ्यायची. तेव्हाच सांगितलं होतं, अल्ना जागची हलत नाही, फिरते ती रेडियस. ती एका बाजूला वळली की माणूस मागतो, दुसऱ्या बाजूला वळली की झटकतो. जुलैमध्ये तू आपण होऊन म्हणालास, अक्का, माझं एक घे, तेव्हा मला पहिल्यांदा तो वळलेला तळवाच आठवला. तुला कुणी विचारलंही नव्हतं. मी तर नाहीच.

मग तुझ्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, भावाचं घेता येणार नाही. का, ते सांगितलं नाही. मी तुझ्यासाठी घाबरले, हे लक्षात ठेव. पाच महिने मी तुझ्या मूत्रपिंडाची काळजी केली. हळदीकुंकवाला सोनालीची आई आली. माझा उघडा हात बघून तिचे डोळे भरून आले, बाई मनानं चांगली आहे. म्हणाली, “यशवंतरावांच्या तपासण्यांत काडीचा दोष निघाला नाही हो. सोनालीनं परवाच नवस फेडला, मठात पाच किलो पेढे वाटले. तुमचंच शरीर घेत नाही म्हणतात, त्याला ते तरी काय करणार?” आणि पदराच्या टोकातून प्रसादाचा पेढा काढून माझ्या हातावर ठेवला. मला दुधाचं वर्ज्य आहे. खाल्ला. तुझ्या तब्येतीचा पेढा मी नाही खायचा तर कुणी खायचा? आजकाल देणाऱ्यानं एकांतात ‘भीती वाटते’ म्हटलं, तर डॉक्टर घरच्यांना ‘घेता येणार नाही’ एवढंच सांगतात, असं रेखानं नंतर समजावलं. चांगली पद्धत आहे. रागावले नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. रागावले. भीती वाटते हे तू मला सांगायचं होतंस. लाटणं मुठीत देताना तरी मी कधी मारलं होतं तुला?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पल्लवी मला न विचारता बेळगावला जाऊन दुसऱ्या डॉक्टरांना भेटून आलीय. तेवीस वर्षांची आहे, रक्तगट जुळतो. त्यांनी तिला विचारलं, मामांना कशामुळे नाकारलं? घराण्यातला दोष असेल तर एवढ्या तरण्या मुलीचं आम्ही घेणार नाही, तिच्या वयात तो तपासणीत दिसेलच असं नाही. म्हणून रविवारी सकाळी ती तुझ्याकडे येणार आहे. सोनालीला माहेरी पाठव आणि पल्लवीला सांग, की तुझ्यात दोष निघाला, जन्माचा, अण्णांकडून आलेला. रिपोर्ट मागेल, हरवले म्हण. पुढे ती वर्षानुवर्षं स्वतःच्या तपासण्या करत, घाबरत जगेल. जगू दे. तू म्हणशील, अक्का, तूच नाही म्हण की. दोनदा म्हटलं रे. दुसऱ्यांदा ‘नाही’ तोंडातून निघायला वेळ लागला, आणि तो वेळ तिनं पाहिला. तिसऱ्यांदा विचारलं तर मी हो म्हणेन. मलाही जगायचंय, तुझ्याएवढंच. एकदा स्वतःसाठी खोटं बोललास, ते झकास जमलं. आता तसंच माझ्या पोरीसमोर बोल, आणि या वेळी मान खाली घालू नकोस.

अजून तरी तुझीच,
अक्का