पाठीचं माप

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच गोड मानून घे, प्रत्यक्षात सध्या मी पायमोजे घालतानाही भिंतीची मदत घेतो.) तुझे गुडघे, दुकानाचं शटर आणि भाचीची परीक्षा, तिन्ही सुरळीत असावीत.

गेली वीस वर्षं सकाळी माझी पाठ फळकुटासारखी होते. त्याला तू आळस म्हणतेस, आणि मी गादीला दोष देत तीन गाद्या बदलल्या. शेवटी सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं आणि "बी-सत्तावीस सापडला!" म्हणाल्या, नाट्यगृहात आपली खुर्ची सापडावी तशा आनंदाने. हा रोगप्रतिकारशक्तीच्या एका जनुकाचा प्रकार, आईबापांकडून येणारा. तो असलेल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही (अपवादांत माझी वर्णी शाळेपासूनच लागत आली आहे). जोडीला आणखी एक जनुक असतं, ते शिंपीच समज: पेशीतल्या प्रथिनांचे तुकडे मापात कापतं. बी-सत्तावीस ते तुकडे पेशीच्या दर्शनी भागावर टांगतो, आणि ते पाहून पहारेकरी पेशी घरचं कोण, परकं कोण ते ठरवतात. कापण्यात वा टांगण्यात काही बिनसलं की पहारेकरी घरच्याच मणक्यांवर तुटून पडतात, असा अंदाज. नक्की काय होतं ते अजून कळलेलं नाही, हे बाईंनी सरळ कबूल केलं. म्हणून मला त्या आवडल्या.

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाची पाठ अशी?" मी ठणकावून "छे!" म्हणालो, आणि जिना उतरता उतरता मला बाबा दिसले. सकाळी कापायच्या टेबलाभोवती फेऱ्या घालणारे, "बसतं ते गिऱ्हाईक, शिंपी उभा असतो" म्हणणारे. आपण टेबलाखाली चिंध्यांत लपायचो, आणि समोरून त्यांचे बूट जायचे-यायचे. ते कधी वाकून बघायचे नाहीत. आपल्याला वाटायचं, आपण फारच छान लपतो. हाक मारली तर मान नाही, अख्खे बाबा वळायचे. आपण त्याला रुबाब समजायचो, ताई.

मापांची जाड वही तुझ्याकडे आहे. तिच्यात बाबांचं स्वतःचं पान काढ आणि वही घेऊन ये. पाठीला बाक येत गेला तशी दरवर्षी कोटाची मागची लांबी वाढत गेलेली, पुढची घटत गेलेली. बाईंना घराण्याचा इतिहास हवा आहे. आपल्याकडे लिहिलेला असा तेवढाच.

कळावे. लोभ आहेच, आणखी वाढवून ठेवणार कुठे?

तुझा,
पंडित (ही पदवी तूच दिलेली)

ता. क. माझंही पान बघ. तू शिवलेले गेले तीन शर्ट पाठीत अर्धा अर्धा इंच लांब आले, आणि मी तुझ्या चष्म्याला नावं ठेवत होतो. तुला माहीत होतं, की नुसतं हाताला कळलं?

आणखी ता. क. खरं तर वही नाही आणलीस तरी चालेल. गेल्या महिन्यात दुकानाच्या दारातून मी तुला मागून हाक मारली, तेव्हा तू हातातल्या कात्रीसकट अख्खी वळलीस. वहीतलं तुझं पान बाबांच्या अक्षरातच थांबलं आहे. त्यानंतर तुझं माप कुणी घेतलेलं नाही. भाचीच्या हाती टेप दे. आकडा काहीही येवो, बाईंकडे मंगळवारची वेळ मी दोघांची घेतली आहे. तिथे खुर्च्या आहेत, पण आपण उभेच राहू.